तुरीच्या दाण्याएवढा चंद्र

वसमतच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाऊबीजेचा दिवस. माझ्या काखेतल्या पिशवीत गोदाक्कासाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं, आणि माझे यजमान, म्हणजे गोदाक्काचे धाकटे भाऊ, मान उंच करून किसनदाजींना शोधत होते. आक्काचे यजमान आम्हाला न्यायला नेहमी स्वतः बैलगाडी घेऊन यायचे. त्या दिवशी गाडी तीच होती, बैलही तेच होते, पण कासरा त्यांच्या शेजारच्या करीमभाई पिंजाऱ्यांच्या हातात होता. ते जवळ आले, माझ्या काखेतली पिशवी घेतली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बापूराव, आक्का गेल्या... आज पहाटे. तीन दिवस ताप होता. समदे तुमचीच वाट बघून राहिले."

करीमभाईंनी गाडी आक्काच्या गावाकडं, हट्ट्याकडं, हाकली. संध्याकाळी ते हिरवं लुगडं मी आणि शेजारच्या बायकांनी मिळून तिला नेसवलं. सोळाव्या वर्षी जिच्या अंगावरचा हिरवा रंग उतरला होता, ती शेवटी हिरव्यातच गेली.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रडायचं ते रडून झालं. आणि खरं सांगायचं तर गोदाक्का आठवायला बसलं की मला आधी हसू येतं. तिची जी आठवण सगळ्यात ठळक आहे ती भर खळ्यात कमरेत वाकून, डोकं खाली, दोन पायांच्या मधून चंद्र बघत असलेल्या एका शहाण्या बाईची आहे. ते कसं घडलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी वाशीमहून पुसेगावला सून म्हणून आले. वाशीम इंग्रजांच्या मुलखात, पुसेगाव निजामाच्या. मी मराठी सातवी पास होते. सेनगाव भागातल्या त्या आठ-दहा गावांत शिकलेली सून म्हणजे नवलाचीच गोष्ट, आणि त्या नवलाचा मलाही बऱ्यापैकी गर्व होता. घरात सासरे, सासूबाई आणि ही थोरली नणंद. गोदाक्का तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे विधवेचा पाट लावतात, त्यामुळे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दर सालाला कुठलं ना कुठलं स्थळ आणायचे. ती नाही म्हणायची. का नाही म्हणते ते कधी सांगायची नाही.

तिचा मुख्य उद्योग वाकळा शिवण्याचा. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून ती अशी वाकळ शिवायची की टाका कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते सापडू नये. मोजायला तिला काही लागायचं नाही. वीत, चार बोटं, दोन बोटं, एवढ्यावर तिचं सगळं चालायचं. दोन ठिगळं बघून मी म्हणावं की हे मोठं दिसतंय, आणि तिनं नुसती वीत टेकवून दाखवावी की दोन्ही सारखीच आहेत, एक काळ्यावर लावलंय म्हणून डोळा फसतोय. डोळ्यावर तिचा भरवसाच नव्हता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिचं "काहून". मुंगी रांगेनंच काहून जाते, उन्हाळ्यात माठातलं पाणी गार काहून, तव्यावरची भाकरी फुगते काहून. सासूबाई वैतागायच्या. मी मात्र मनातून खूश असायचे, कारण घरात शिकलेली मीच, आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर यायची.

लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या पौषातली गोष्ट. तुरी बडवून झाल्या होत्या आणि डाळ करण्याआधी भिजवलेल्या तुरी आम्ही माळवदावर वाळत घातल्या होत्या. दिवस मावळता मावळता त्या गोळा करायला दोघी वर गेलो. पूर्वेला निंबाच्या शेंड्यांमागून पुनवेचा चंद्र निघत होता, तांबडा, परातीएवढा. गोदाक्का सूप तसंच हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "सुभद्रे, आता एवढा हाये. जेवणं झाल्यावर बघितला तर वाटीएवढा होतोय. काहून?"

मी लगेच सांगितलं. आमच्या वाशीमच्या गुरुजींनी शिकवलं होतं, ते जसंच्या तसं. जमिनीलगत हवा दाट असते, ती भिंगासारखी काम करते, म्हणून चंद्र मोठा दिसतो. वर गेला की हवा विरळ होते आणि चंद्र मूळच्या आकाराचा दिसतो. भिंग म्हणजे काय तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग खाली वाकून सुपातला तुरीचा एक दाणा उचलला, चिमटीत धरला, हात समोर ताठ केला, एक डोळा मिटला. चंद्र दाण्याआड झाकला गेला, कडेनं नुसती उजेडाची बारीक रेघ उरली. तिनं मलाही तसं करायला लावलं. माझ्याही दाण्याआड गेला. एवढा मोठा परातीएवढा चंद्र तुरीच्या एका दाण्यामागं लपतो याचंच मला हसू आलं.

जेवणं उरकून भांडी घासून झाल्यावर तिनं मला हाताला धरून पुन्हा वर नेलं. चंद्र आता बराच वर आला होता, पांढरा आणि चांगला लहान. तिनं तोच दाणा पदराच्या गाठीतून काढला, हात तसाच ताठ केला. चंद्र तेवढाच झाकला गेला... तेवढाच, ना कमी ना जास्त. तो लहान झाला असता तर कडेची ती रेघही दाण्याआड जायला हवी होती. मी तीनदा करून पाहिलं. ती नुसती माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्याचाच मला राग आला. तुमचा हात हलला असेल, मी म्हटलं. दाण्यानं कुठं चंद्र मोजतात का, असंही म्हटलं. सातवी पास बाईनं अक्षरओळख नसलेल्या बाईपुढं हरावं हे मला सोसेना. पुढचे दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी मी गुरुजींना पत्र लिहिलं. हिंगोलीला बाजाराला जाणाऱ्याच्या हाती टपालात टाकायला दिलं, आणि पुढची पौर्णिमा यायच्या आत उत्तर आलं. ते पत्र माझ्याजवळ अजून आहे. गुरुजींनी लिहिलं होतं की मी वर्गात सांगितलं ते मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं, त्यांनीही कधी दाणा धरून पाहिला नसावा. मी काल पाहिला. तुझी नणंद म्हणते ते खरं आहे. हवेमुळे चंद्राला तांबूस रंग येतो, तो थोडा दबल्यासारखाही दिसतो, पण मोठा होत नाही. मग मोठा का वाटतो हे मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांचंही एकमत नाही. शेवटी लिहिलं होतं, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नमस्कार पोचवला. गोदाक्का लाजून आत निघून गेली. तिला कुणी वडीलधाऱ्या माणसानं नमस्कार सांगण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. त्या दिवसापासून आमची नणंद-भावजयीची अडी सुटली ती कायमची.

पुढं माघात खळ्यावर ज्वारीची मळणी चालू होती. गडीमाणसं बैलांची पात हाकून थकून घरी गेली होती आणि आम्ही दोघी मागं राहिलेले दाणे झाडून घेत होतो. पुन्हा पुनव. गोदाक्का पूर्वेकडं पाठ करून वाकली होती, केरसुणीनं कडेचे दाणे ओढत होती, आणि तशीच थांबली. मला वाटलं पाठीत उसण भरली. तर ती खालच्या खालीच म्हणाली की इकडं ये, असं वाक, पायांच्या मधून बघ. मी इकडं तिकडं पाहिलं, कुणी नव्हतं, मग कासोटा सावरून वाकले. चंद्र लहान. अगदी वर आल्यावर दिसतो तेवढाच. उभी राहून वळून बघितलं तर परात. पुन्हा वाकले तर वाटी. आम्हाला दोघींना इतकं हसू लोटलं की मी तिथंच ज्वारीवर बसले.

ती मात्र परत वाकली. तिला खात्री करायची होती. आणि मी ज्वारीवर बसल्या बसल्या पाहिलं की पूर्वेच्या पांदीतून, चंद्र पाठीशी घेऊन, तीन माणसं चालत येत आहेत. पुढं मामंजी. मागं दोन फेटेवाले पाहुणे.

त्या दिवशी हट्ट्याहून स्थळ येणार हे आम्हाला माहीत होतं, पण दिवेलागणीनंतर आणि घरी. ते लवकर पोचले होते, आणि खळं वाटेवरच म्हणून मामंजी त्यांना तिकडूनच घेऊन आले. मी ज्वारीची एक मूठ तिच्या पायांवर फेकली. गोदाक्कालाही ते दिसले असणार, कारण तिचं हसू एकदम थांबलं. पुढं आयुष्यभर ती ही गोष्ट रंगवून सांगायची, "म्या तुमच्या दाजीला पैल्यांदा पाह्यलं तवा त्येचे पाय वर हुते आन डोस्कं खाली."

ती उभी राहिली, पदर नीट केला, केरसुणी हातातच होती. मामंजी खोकायला लागले ते थांबेनात. पाहुण्यांपैकी एक म्हातारे चुलते होते, त्यांचा चेहरा आताच इथून निघावं असा झाला. दुसरे किसनदाजी. चाळिशीच्या आतलेच, उंच, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घरी आठ वर्षांची एक मुलगी. हे आम्हाला आधी कळलं होतं. बोलायला कमी आहेत हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काय दिसतं तसं बघून?"

"चंद्र ल्हान दिसतो," गोदाक्का म्हणाली. काही न लपवता, जसं कुणी आजचा भाव सांगावा तसं.

किसनदाजींनी फेटा काढून चुलत्यांच्या हातात दिला. मागं वळून चंद्र पाहिला, मग चंद्राकडं पाठ केली आणि धोतराचा सोगा वर खोचून कमरेत वाकले. चुलते म्हणाले, किसन, काय करून राहिलास. ते उठेनात. एवढा वेळ वाकलेले राहिले की मामंजींचा खोकलाही थांबला. उभे राहिले तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं. "व्हय," ते म्हणाले, "ल्हान दिसतो." आणि फेटा बांधायला लागले.

घरी बैठकीत चुलत्यांनी साफ सांगितलं की बाईच्या डोक्याचं काही खरं नाही. सासूबाई आत चुलीपाशी डोळे पुसत होत्या, कारण मी आल्यापासूनचं हे चौथं स्थळ होतं आणि गावात आता हसू होणार हे ठरलेलं. मी दाराआडून ऐकत होते. किसनदाजी हळूच म्हणाले की माझ्या घरात तीन वर्षं झाली कुणी कुणाला काही विचारत नाही, मला विचारणारं माणूस पाहिजे. चुलते पान लावायला लागले.

त्या वेळी गोदाक्कानं होकार दिला. मी तिला विचारलं की बाई, आधीची स्थळं काही वाईट नव्हती, मग हेच का. ती म्हणाली, "त्यानं मला येडी म्हणलं न्हाई, आन खरं बी म्हणलं न्हाई. आधी सोता वाकून पाह्यलं."

पाट लागला तो दिवस साधाच होता. वाजंत्री नव्हती, माणसं मोजकीच. पण कासारणीनं हिरवा चुडा भरल्यावर तिनं दोन्ही हात उजेडात धरून एकेक बांगडी फिरवून पाहिली हे मला दिसलं, आणि इतक्या वर्षांत तिचं न सांगितलेलं बरंच काही मला तेव्हा कळलं.

हट्ट्याला तिची खरी परीक्षा झाली ती रुखमाशी. किसनदाजींची ही पोर नव्या आईशी भांडत नव्हती, रुसत नव्हती, नुसती लांब राहायची. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची आणि परसात जाऊन बसायची. पहिल्या पंचमीला गोदाक्का माहेरी आली तेव्हा मला म्हणाली की पोरगी दर पुनवेला रानाच्या कडेपर्यंत पळत जाते, उगवता चंद्र बघते आणि मग तो वर गेला की झोप लागेपर्यंत रडते. कारण शोधायला तिला तीन पुनवा लागल्या होत्या. आई गेल्यावर कुणीतरी म्हातारीनं रुखमाला सांगितलं होतं की तुझी आई चंद्रावर गेली. चंद्र उगवताना मोठा होतो म्हणजे आई भेटायला जवळ येते, आणि मग लहान लहान होत निघून जाते, असं त्या लेकरानं आपल्या मनाशी जुळवलं होतं.

गोदाक्काला प्रश्न पडला होता. चंद्र जवळ येतच नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तिनं ते दाण्यानं मोजलं होतं. सांगावं तर पोरीची आई हिरावून घेतल्यासारखं, आणि तेही सावत्र आईनं. मी म्हटलं, आक्का, राहू द्या, लेकरू आहे, मोठी झाली की आपोआप कळेल. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "पर तवरोक दर म्हैन्याला तिची आई मरून राहिली ना."

मी तिच्या सुपातल्या शेंगा सोलायला घेतल्या.

पुढच्या पुनवेला काय झालं ते मला किसनदाजींनी सांगितलं आणि बऱ्याच वर्षांनी रुखमानंही, दोघांचं सांगणं एकच. गोदाक्का त्या दिवशी पोरीच्या मागं मागं रानाच्या कडेपर्यंत गेली आणि तिच्यापासून जरा अंतरावर बसली. चंद्र निघाला. तिनं तुरीचा दाणा रुखमाच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते शिकवलं. पोरीनं धरला, चंद्र झाकला. मग दोघी तिथंच बसल्या. गोदाक्कानं भाकरी बांधून आणली होती, ती खाल्ली. चंद्र बाभळींच्या वर गेला, पांढरा झाला, लहान दिसायला लागला, आणि रुखमानं तोंड गुडघ्यांत घातलं. तेव्हा गोदाक्का म्हणाली, "आता धर दाणा."

पोरीनं धरला. चंद्र तेवढाच झाकला गेला. तिनं हात खाली घेतला, पुन्हा वर केला. गोदाक्का म्हणाली, "बघ, कुठं गेली न्हाई ती. जेवढी हुती तेवढीच हाये. गेल्यावानी दिसती, ते आपल्या डोळ्याचं हाये."

रुखमा त्या रात्री रडली नाही. दाणा मुठीत धरून चालत घरी आली आणि अर्ध्या वाटेत तिनं गोदाक्काचा पदर धरला. किसनदाजी दारात उभे होते. ते मला म्हणाले की त्या दोघींना तसं येताना बघून मी आत गेलो आणि उगाच बैलांना वैरण टाकत बसलो. वैरण आधीच टाकलेली होती.

पोरगी तिला आई कधी म्हणायला लागली ते कुणाच्याच लक्षात नाही. मी दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा म्हणत होती.

त्याच सुमारास किसनदाजींनी घराच्या पूर्वेच्या अंगाला, शेताकडं तोंड करून, मातीचा एक ओटा घातला. दोन माणसांपुरता म्हणून घातला होता, पण शेजारणी येऊन बसायला लागल्या आणि तो दोनदा वाढवावा लागला. करीमभाईंची खातूनबी तर पहिल्या महिन्यापासूनची. ती म्हणायची की आमचा ईदचा चांद तुमच्या ओट्याच्या पाठीमागं निघतो, एक ओटा तिकडंही घाला. पुनवेला कामं लवकर आटोपून पाच-सहा बायका तिथं जमायच्या, कुणी वाती वळत, कुणी लेकराला पाजत, आणि नवी सून आली की तिला दाणा देऊन चंद्र मोजायला लावायचं. दुसरा प्रकारही शिकवायचा, पण गडीमाणसं आसपास नाहीत हे बघून. यातून हसण्याचा जो गलका उठायचा तो वेशीपर्यंत ऐकू जायचा म्हणे.

याच ओट्यावर बसून पुढं बऱ्याच वर्षांनी त्या दोघांनी "काहून"चं उत्तरही शोधलं, निदान त्यांच्यापुरतं. मी तेव्हा तिथं होते. समोरच्या वाटेनं लांब एक बैलगाडी चालली होती. किसनदाजी म्हणाले की तो बैल बघा, दाणा धरला तर दाण्याआड चार बैल मावतील, एवढासा दिसतोय. पण आपण त्याला एवढासा म्हणत नाही. मधलं रान दिसतं, झाडं दिसतात, तो लांब आहे हे कळतं, आणि मन त्याला न सांगता मोठा करून घेतं. गोदाक्कानं लगेच धागा उचलला. चंद्र उगवतो तेव्हा त्याच्या आणि आपल्यामध्ये सगळं रान पसरलेलं असतं, म्हणून मनाला तो लांबचा वाटतो आणि मन त्यालाही बैलासारखा मोठा करतं. वर गेल्यावर मध्ये काहीच नाही, मग मन कशावरून मोजणार. आणि उलटं वाकलं की रानच उलटं होतं, मनाचा हिशोब चुकतो.

मी हे गुरुजींना कळवलं. त्यांनी लिहिलं की मोठ्या विद्वानांपैकी काहींचं मत असंच आहे, काहींना ते पटत नाही, आणि मला स्वतःला बैल पटला. गोदाक्काला मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पटलं न्हाई त्यांनी काय सांगितलं ते बी इचार. ते विचारायचं राहून गेलं. गुरुजी त्या उन्हाळ्यात वारले.

नंतरची दोन वर्षं कशी गेली ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. वाटा बंद, माणसं रानात, कुणाचा निरोप कुणाला नाही. यंदा भाद्रपदात निजामी संपली, आणि वारं फिरलं तेव्हा भ्यायची पाळी दुसऱ्यांवर आली. करीमभाईंचं घरदार तेव्हा आठ दिवस गोदाक्काच्या माजघरात लपून होतं. दारात ती स्वतः वाकळ शिवत बसून राहिली. कुणी विचारायला आलं तर तीच त्यांना इतकं विचारायची की ते निघून जायचे. हे मला खातूनबीनं सांगितलं. गोदाक्कानं अवाक्षर काढलं नव्हतं.

दसऱ्याला ती, किसनदाजी आणि रुखमा पुसेगावला आले ते कोजागरीपर्यंत राहिले. केस बरेच पिकले होते, दोन दात गेले होते, पण "काहून" शाबूत. कोजागरीला चंद्र निघताना आम्ही सगळे माळवदावर होतो आणि सासूबाई, ज्या त्या खळ्याच्या दिवसाचं नाव जरी निघालं तरी तोंड फिरवायच्या, एकाएकी म्हणाल्या, "गोदे, मला बी एकडाव दाखव. मरायच्या आत बघू दे." सत्तरीची म्हातारी. एका बाजूनं गोदाक्कानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि दोघींनी मिळून तिला हळूहळू वाकवलं. खालून आवाज आला की चंद्र नाही, नुसती रुखमाच दिसते. रुखमा मध्ये उभी होती. ती हसत बाजूला झाली. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं बया. ल्हानच की." त्या रात्रीचं दूध हसण्याच्या भरात कुणीतरी उतू घालवलं. गोदाक्काला मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, गाडीत बसताना. ती सासूबाईंना गाडीतूनच सांगत होती की आता रोज वाकू नको.

तेरावा आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्तिकी पुनव होती. दुपारी मी हट्ट्याच्या घरामागं गेले तर किसनदाजी ओट्यावर उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. ओटा सारवत होते. आमच्याकडं पुरुषानं सारवल्याचं मी कधी पाहिलं नाही, त्यांनीही कधी केलं नसावं. कुठं थर जाड, कुठं पातळ, बोटांच्या रेघा वाकड्यातिकड्या, मध्येच एक पूर्ण पंजा उमटलेला. खातूनबी कडेला उभी राहून सांगत होती की दादा, उठा, आम्ही करतो. रुखमाही म्हणाली. ते उठले नाहीत. पाणी शिंपडायचे, हात फिरवायचे, जरा मागं सरकायचे. शेवटी मी म्हटलं, दाजी, मी करू का.

"न्हाई," ते म्हणाले. "पुनवेला तीच करायची. मला एकडावही करू दिलं न्हाई. आता कोण अडवून राहिलं."

संध्याकाळपर्यंत ओटा वाळला. बायका नेहमीच्या वेळी एकेक करून आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. खडबडीत सारवणावर हात फिरवून बघत, कुठं बसावं कळेना म्हणून उभ्याच राहिल्या. किसनदाजी घरातून गोदाक्काची एक वाकळ घेऊन आले, ओट्याच्या मधोमध पसरली, चारी कोपरे हातानं नीट केले, आणि पूर्वेकडं एकदा बघून म्हणाले, "बसा. निघंल आता."